मदत हवी आहे: फॅन्टसी ड्राफ्ट, दोन नंबरचा स्लॉट, थर्ड राउंड रिव्हर्सल, टाइट एंड प्रीमियम. 23 व्या पिकला काय करू?

मंडळी, शनिवारी ड्राफ्ट आहे आणि डोकं पार जाम झालंय. एनएफएलची (अमेरिकन फुटबॉल) फॅन्टसी लीग, म्हणजे ड्राफ्टमध्ये आळीपाळीने खरे खेळाडू निवडायचे आणि त्यांच्या खऱ्या मॅचमधल्या खेळाचे पॉइंट आपल्याला; मोठ्या पैशाची, आम्ही तिघांनी मिळून एन्ट्री भरलीय पण ड्राफ्टला बसणार मी एकटा, म्हणजे चुकलो तर तिघांचं नुकसान, म्हणून नीट विचारून घेतोय.

आधी नियम. 12 टीम, 20 राउंड. कॅचला 1 पॉइंट, टाइट एंडला (ब्लॉकही करतो आणि कॅचही घेतो तो खेळाडू) मात्र 1.5, हाच तो प्रीमियम. लाइनअपमध्ये एक क्यूबी (क्वार्टरबॅक, पास टाकणारा), दोन आरबी (रनिंग बॅक, बॉल घेऊन पळणारे), दोन रिसीव्हर, एक टाइट एंड, दोन फ्लेक्स (आरबी, रिसीव्हर किंवा टाइट एंड कुणीही), किकर आणि डिफेन्स. ट्रेड बंद, त्यामुळे ड्राफ्ट आणि वेव्हर (सीझनमध्ये कुणाकडेच नसलेले खेळाडू उचलणं) एवढंच हातात. प्लेऑफ वीक 15 ते 17. बक्षिसातला मोठा वाटा पहिल्यालाच, दुसरा आलो तर एन्ट्री निघते आणि थोडं वर, बाकीच्यांना काही नाही.

मला स्लॉट, म्हणजे निवडीच्या रांगेतला नंबर, मिळालाय 2. साधा स्नेक (एका राउंडला 1 ते 12, पुढच्याला 12 ते 1) असता तर माझे पिक 2, 23, 26, 47, 50 असे आले असते. पण इथे थर्ड राउंड रिव्हर्सल, म्हणजे तिसरा राउंड परत 12 नंबरवाल्यापासून सुरू होतो, म्हणून माझे होतात 2, 23, 35, 38, 59, 62. म्हणजे पहिल्या दोन पिकच्या मध्ये 20 खेळाडू जाणार आणि 38 नंतर परत 20 जाणार. मी आठवडाभर मॉक (सरावाचे ड्राफ्ट) करतोय आणि दरवेळी तिथेच गाडी अडते, 38 चा पिक केला की पुढचा अर्धा तास नुसतं बघत बसायचं आणि आपल्या लिस्टमधली नावं एकेक करून कटताना मोजायची.

एक नंबरवाला रिसीव्हर जमार चेस घेणार असं धरूनच चाललोय. 2024 ला 127 कॅच, 1,708 यार्ड, 17 टचडाउन, तिन्ही गोष्टीत लीगमध्ये पहिला, तो सोडायचं कारणच नाही कुणाला. मग माझ्यासमोर बिजान रॉबिन्सन, सेक्वॉन बार्कली, जमीर गिब्स हे तीन आरबी, नाहीतर रिसीव्हर जस्टिन जेफरसन. मी बिजानकडे झुकलोय. 1,456 यार्ड रनिंग आणि वर 61 कॅच, पीपीआरला (कॅचला पॉइंट देणाऱ्या फॉरमॅटला) हे कॅच फार महत्त्वाचे. सेक्वॉनने 2,005 यार्ड काढले ते मान्य, पण प्लेऑफ धरून 436 कॅरी (बॉल घेऊन पळणं) झाल्यात एका सीझनमध्ये, सुपर बोल जिंकेपर्यंत पळत होता बिचारा, त्या शरीराचा पुढच्या वर्षी भरवसा किती धरायचा हे मला कळत नाही.

आता माझी खरी अडचण सांगतो. मागच्या सीझनला मला पहिला पिक होता आणि मी आरबी ख्रिश्चन मॅकॅफ्री घेतला, सगळेच घेत होते. पहिल्याच मंडे नाइटच्या मॅचला तो दुखापतीने बाहेर, त्याच्या जागी त्याचा बॅकअप जॉर्डन मेसन 28 कॅरी आणि 147 यार्ड, आणि मेसन माझ्याकडे नव्हता, शेवटच्या राउंडमध्ये दुसरा किकर घेऊन बसलो होतो मी. मॅकॅफ्री नोव्हेंबरमध्ये आला, चार मॅच खेळला आणि डिसेंबरच्या पहिल्याच दिवशी बर्फातल्या मॅचमध्ये परत जखमी होऊन गेला. सीझन तिथे संपला माझा. तेव्हापासून पहिल्या पिकला आरबी म्हटलं की हात थांबतो. अर्धं मन म्हणतं झीरो आरबी कर, म्हणजे जेफरसन घे आणि पहिले पाच राउंड आरबीकडे बघूच नको, बकी अर्विंगसारखा कुणीतरी उशिरा मिळेल (रूकी म्हणजे पहिल्याच वर्षीचा, खऱ्या एनएफएल ड्राफ्टमध्ये चौथ्या राउंडचा, आणि 1,122 यार्ड). अर्धं मन म्हणतं की हा सगळा विचार मागच्या जखमेतून येतोय, आकड्यातून नाही. तुमच्यातल्या कुणाचं असं झालंय का, आणि मग पुढच्या वर्षी काय केलंत?

दुसरं 23 चं. टाइट एंडला दीड पॉइंट म्हटल्यावर ब्रॉक बोवर्स 23 पर्यंत येतच नाही, ट्रे मॅकब्राइड कधी येतो कधी नाही. तो दिसला तर घ्यायचाच असं मी ठरवलं होतं, 111 कॅच म्हणजे नुसत्या प्रीमियमचेच 55 जादा पॉइंट झाले. पण काल रात्री कागद घेऊन बसलो आणि 2024 चे रिसीव्हिंगचे पॉइंट मॅचमागे काढले. बोवर्स साधारण 18.7, मॅकब्राइड 18.3 आणि जॉर्ज किटल 18.4! किटलचे कॅच फक्त 78, पण टचडाउन 8, मॅकब्राइडचे दोनच. मग 23 ला मॅकब्राइड का, 35 ला किटल का नाही? पण टचडाउनवर विसंबणं धोक्याचं, आणि किटल 35 ला उरेलच असंही नाही, मॉकमध्ये निम्म्या वेळा गेलेला असतो.

तर सध्याचा बेत असा की 2 ला बिजान, 23 ला मॅकब्राइड असला तर तो नाहीतर रिसीव्हर, 35 आणि 38 ला दोन्ही रिसीव्हर, आणि दुसरा आरबी एकदम 59 नंतर. 35 ते 60 या पट्ट्यातल्या आरबींवर माझा विश्वास नाही, काम कुणाकडे जाणार हे त्यांच्या कोचलाही माहीत नसतं असे बरेच असतात तिथे. चुकतोय का? प्लीज मोकळेपणाने सांगा, कडक बोललात तरी चालेल.

प्रतिसाद

भावा, बेत चांगला आहे, दोन गोष्टी बघ. थर्ड राउंड रिव्हर्सलने तुझं नुकसान झालंय असं तुला वाटत असेल पण 26 आणि 47 ची बेरीज कर, 73. आता 35 आणि 38 ची कर, तीपण 73. तिसऱ्यात गेलं ते चौथ्यात परत आलं, फक्त आता ते जोडीने येतंय. आणि जोडी हीच तुझी ताकद आहे, कारण 35 आणि 38 च्या मध्ये 36 आणि 37 हे दोन्ही पिक एकाच माणसाचे, स्लॉट 1 वाल्याचे. 12 टीमवर लक्ष ठेवायची गरजच नाही, त्या एकाचा रोस्टर (घेतलेल्या खेळाडूंची यादी) उघडून ठेव. त्याने 24 ला टाइट एंड घेतला असेल तर 35 ला किटल दिसला तरी थांब, आधी रिसीव्हर घे, किटल 38 ला मिळायची शक्यता चांगली. चेस त्याच्याकडे असणार म्हणजे चेसला पास टाकणारा क्यूबी जो बरो याच्यावर त्याचा डोळा असणार हेही धरून चाल. 59 आणि 62 ला परत हाच खेळ, मध्ये फक्त तोच.

आरबीची भीती खरी आहे पण एका वर्षावरून ठरवू नकोस. त्याच 2024 ला बार्कली, गिब्स, डेरिक हेन्री सगळे पूर्ण सीझन पळाले आणि ते ज्यांच्याकडे होते त्यांनी लीग मारल्या. बक्षीस पहिल्यालाच आहे तर सेफ टीमचा उपयोग काय? बिजान घे. फक्त यावेळी दुसरा किकर नको, शेवटचे चार राउंड बॅकअप आरबी. मेसनसारखा एक निघाला तरी पुरे.

धागाकर्ता

दादा, 36 आणि 37 एकाच माणसाचे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, इतके मॉक केले पण मी फक्त माझ्याच लिस्टकडे बघत होतो. आत्ताच दोन मॉक परत केले, एकात किटल खरंच 38 ला मिळाला, दुसऱ्यात स्लॉट 1 कडे टाइट एंड नव्हता म्हणून 35 लाच उचलला आणि रिसीव्हर 38 ला घेतला.

म्हणजे आता 23 मोकळा झाला. मॅकब्राइड समोर असला तरी तो सोडून तिथे वरच्या टियरचा रिसीव्हर घेऊ का? भीती एकच, मॅकब्राइड सोडला आणि किटल 35 च्या आधीच गेला तर टाइट एंडला हातात काहीच राहत नाही, आणि या लीगमध्ये तिथे भोक पडलं तर बुजत नाही. कुणी या फॉरमॅटमध्ये पाचव्या-सहाव्या राउंडचा टाइट एंड घेऊन जिंकलंय का? शुक्रवार रात्रीपर्यंत सांगितलंत तर लिस्ट बदलायला वेळ मिळेल.