बीएमएस की बी.कॉम. (व्यवस्थापन)? प्रवेशाबाबत मार्गदर्शन हवे आहे

सर्वांना नमस्कार. माझी भाची मुलुंडला बारावी वाणिज्य शाखेत शिकत असून तिला व्यवस्थापनाची पदवी मुंबईतूनच घ्यायची आहे. २०२४ पासून बीएमएस आणि बीबीए हे व्यवस्थापनाचे पदवी अभ्यासक्रम एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाचे नियमन करणारी केंद्रीय संस्था) कक्षेत आल्यामुळे त्यांच्या प्रवेशासाठी राज्याची सीईटी (सामायिक प्रवेश परीक्षा) द्यावी लागते. मात्र मुंबई विद्यापीठाशी संलग्न काही महाविद्यालयांनी तोच अभ्यासक्रम बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) या नावाने सुरू केला असून तेथे बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो. नाव बदलले की परीक्षा टळते, हे जरा चमत्कारिकच वाटते.

एमबीएच्या प्रवेशासाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते, हे ठाऊक आहे. परंतु पदवीनंतर लगेच नोकरी करायची झाल्यास, कंपन्या या दोन पदव्यांमध्ये भेद करतात का, याविषयी ज्यांनी स्वतः अनुभव घेतला आहे किंवा जे भरतीच्या कामात आहेत, त्यांनी कृपया सांगावे. एनएमआयएमएस या खासगी अभिमत विद्यापीठाची एनपॅट ही प्रवेश परीक्षा देण्याचाही विचार आहे, पण तेथील शुल्क आम्हाला जड जाईल. गणित बेताचे असलेल्या मुलीने सीईटीची तयारी बोर्डाच्या अभ्यासासोबत कशी करावी, हेही कळवावे.