पोर्टा केबिन हलवली की दर वेळी नवा टेस्ट रिपोर्ट कशाला?

तुर्भेकर: महापे एमआयडीसीत आमची पोर्टा केबिन (उचलून नेता येणारी पत्र्याची खोली) आणि वेल्डिंग सेट एका प्लॉटवरून शेजारच्या प्लॉटवर नेले. वायरिंग तेच, पॅनल तेच. तरी कंपनीचे सेफ्टीवाले म्हणतात, लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरचा नवा टेस्ट रिपोर्ट आणा. क्रेनवर चढली म्हणून वायरिंग बदललं का? एकदा तपासलं की तो कागद केबिनसोबत फिरू द्या. छोट्या माणसाला हा निव्वळ जाच आहे.

वागळेचा वायरमन: वायरिंग तेच, जमीन वेगळी. अर्थिंगचा जमिनीत पुरलेला पाइप जुन्या प्लॉटच्या चेंबरमध्येच राहिला ना? केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत २५० व्होल्टच्या वरच्या मोटरच्या बॉडीला अर्थच्या दोन स्वतंत्र जोडण्या सांगितल्यात, आणि त्यात पोर्टेबल मोटर नाव घेऊन आहे. तुमची केबिन उचलताना पत्रा वाकतो, केबल आत शिरते तिथलं रबर निघून पडतं, मग धारेवर इन्सुलेशन घासत राहतं. बाहेरून काही दिसत नाही. पावसाळ्यात दाराच्या कडीला पहिला हात लावेल तोच तुमचा टेस्टर.

तुर्भेकर: मग मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) मारा, अर्थ मोजा, आरसीसीबीचं, म्हणजे करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचचं, बटण दाबून बघा. तपासणीला माझी ना नाही. मागच्या खेपेला आलेल्या साहेबांनी केबिनचं दारही उघडलं नाही, चहा घेऊन सही केली. त्या कागदाचे मी पैसे मोजले!

ऐरोली_ट्रान्सफॉर्मर: तर माणूस बदला, नियम कशाला? अपघातात जीव गेला तर २४ तासांत विद्युत निरीक्षकाला कळवावं लागतं. मग जुन्या प्लॉटचा रिपोर्ट दाखवणार? शिवाय सगळं एका मापाने मोजू नका. स्किडवरचं (लोखंडी सांगाड्यावर बसवलेलं) सबस्टेशन हलवलं तर व्होल्टेज बघा: अधिसूचित, म्हणजे सरकारने जाहीर केलेल्या, मर्यादेच्या वर निरीक्षकाची मंजुरी, खाली मालकाचं स्वप्रमाणन, म्हणजे स्वतः तपासून स्वतःच सही. वेल्डिंग सेटची रड वेगळी. त्याला जाड इन्सुलेशनची, मार सोसेल अशी केबल लागते. आपल्याकडे मात्र टेप गुंडाळलेले सांधे पाण्यातून ओढतात.

तुर्भेकर: टेपचं मान्य. पण स्वप्रमाणन मोठ्यांना चालतं, मग माझ्या केबिनला का नको?

वागळेचा वायरमन: चालेल की. सही तुमची, जबाबदारीही तुमची. करता?

तुर्भेकर: आधी तुमचा मेगर पाठवा.