हिमालयात भूकंप झाला तर नागपुरातून ट्रक निघावा का?

झिरोमाइल (धागाकर्ता)

डोंगरात मोठा भूकंप झाल्याची बातमी आली की आपल्याकडे चौकाचौकांत मांडव पडतात. जुने कपडे, बिस्किटांचे पुडे, पाण्याच्या बाटल्या. माझं मत असं: घेणाऱ्याचं नाव, उतरवायची जागा आणि तिथून आलेली मागणीची यादी, या तीन गोष्टी हातात नसतील तर नागपुरातून एकही ट्रक निघू नये. पैसे पाठवावेत.

अडचण मालाची नसते, शेवटच्या तीस किलोमीटरची असते. २५ एप्रिल २०१५ ला नेपाळात ७.८ तीव्रतेचा धक्का बसला. काठमांडूच्या विमानतळाला धावपट्टी एकच. ती जड विमानांनी उखडू लागली, म्हणून मेच्या सुरुवातीला १९६ टनांवरच्या विमानांना उतरायला बंदी करावी लागली. कस्टममध्ये माल अडकला, त्यावर संयुक्त राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांनी उघड नाराजी दाखवली. तोवर गोरखा आणि सिंधुपाल्चोक जिल्ह्यांतल्या वरच्या वस्त्यांत लोक उघड्यावरच होते.

जुन्या कपड्यांबद्दल तर बोलायलाच नको. २००५ च्या काश्मीर भूकंपानंतर पाकव्याप्त भागात रस्त्यांच्या कडेला कपड्यांचे ढीग कुजत पडले होते. ते निवडायलाही माणसं लागतात, आणि ती माणसं तेव्हा ढिगारे उपसत असतात.

लोहाओळी

‘पैसे पाठवा’ म्हणणं सोपं आहे भाऊ. नोटांचं छप्पर होत नाही.

नेपाळ सरकारने तात्पुरत्या निवाऱ्यासाठी कुटुंबामागे १५ हजार नेपाळी रुपये ठरवले. ठीक. पण पाच लाखांच्या आसपास घरं जमीनदोस्त झाली होती आणि जूनमध्ये पाऊस उभा होता. इतकी कुटुंबं एकाच महिन्यात पत्रा शोधायला निघाली तर भाव चढतो, पत्रा काही वाढत नाही. अशा वेळी बाहेरून माल नेणं हीच खरी मदत. आणि नागपूर देशाच्या मधोमध आहे, इतवारी-गांधीबागेतून ताडपत्री, दोरी, हत्यारं घाऊक भावात उचलता येतात.

फक्त काय घ्यायचं ते कळलं पाहिजे. ताडपत्री ४ बाय ६ मीटर, १९०-२०० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम), काठात दोरी घातलेली, दर मीटरला रिंग. वजन पाच किलोच्या आत. स्वस्तातली ९० जीएसएमची निळी घेतली तर पहिल्याच वाऱ्यात रिंगा फाटून हातात येतात. कुटुंबामागे दोन ताडपत्र्या, ३० मीटर दोरी, फावडं, करवत, हातोडी, खिळे, बांधायची तार, पत्रा कापायची कात्री. हत्यारं असली की लोक पडक्या घराचं लाकूड काढून स्वतःच सांगाडा उभा करतात. तंबूपेक्षा हे बरं. २००५ मध्ये आलेले बहुतेक तंबू हिवाळ्याचे नव्हतेच, शेवटी ‘एक ऊबदार खोली’ म्हणून पत्रे आणि हत्यारं वाटावी लागली.

घाटरस्ता

दोघांच्याही बोलण्यात वजनाचा हिशेब नाही, म्हणून मांडतो.

समजा २०० घरांचं, हजार माणसांचं गाव आहे आणि रस्ता तुटलाय. घरामागे दोन म्हणजे ४०० ताडपत्र्या, साडेचार किलोची एक धरली तरी १.८ टन. माणशी रोज ४०० ग्रॅम तांदूळ, दहा दिवसांचे ४ टन. डाळ, तेल, मीठ वेगळं. एमआय-१७ हेलिकॉप्टर कागदावर ४ टन उचलतं, पण उंचीवर हवा विरळ, दुपारी ती तापून आणखी विरळ, त्यात परतीचं इंधन. दोन टन धरा. म्हणजे ताडपत्रीची एक फेरी, तांदळाच्या दोन, आणि हे एका गावाचं. खेचराला ६० किलो धरले तर ताडपत्रीला ३० खेचरं, तांदळाला ६७. भरिया, म्हणजे पाठीवर ओझं वाहणारा हमाल, ३० किलो नेतो. नेपाळात जागतिक अन्न कार्यक्रमाने शेवटी ट्रेकिंगवाल्यांना हाताशी धरून भरिये आणि खेचरंच लावली. वाटा दुरुस्त करणाऱ्यांना मजुरीही मिळाली.

आता तुमचा नागपूरचा दहाचाकी, १६ टनांचा. जबलपूर, वाराणसी, गोरखपूर करत सीमेवरच्या सुनौलीपर्यंत बिनघोर जाईल. तिथून नेपाळात नारायणघाट, मुगलिंग. पुढे वरच्या गावांकडच्या वळणांवर तो चढतच नाही. माल ४०७ मध्ये, म्हणजे छोट्या ट्रकमध्ये, पलटी करायचा, एकात अडीच टन, म्हणजे सात गाड्या. हमाल, रिकामी गोदामाची जागा आणि डिझेल आधी ठरलेलं नसेल तर ट्रक चार-चार दिवस रस्त्यात उभा. मागच्या रुग्णवाहिकाही अडकतात, हे कोणी मोजत नाही.

म्हणून इथेच गाठी २५ किलोच्या बांधा, एका गाठीत एकच वस्तू. ‘मिश्र साहित्य’ लिहिलेली गोणी कोणीच उघडत नाही. बाहेर ठळक देवनागरीत काय, किती नग, किती कुटुंबांना हे लिहा. तिकडे ते वाचता येतं.

वाटबघ्या

मला हे ‘यादी आल्याशिवाय हलू नका’ पटत नाही. यादी बनवणार कोण? २०१५ मध्ये नेपाळच्या गावांत निवडून आलेली माणसंच नव्हती, एकेका सचिवाकडे दोन-दोन गावं. राजधानीत बैठका चालल्या होत्या, त्याही इंग्रजीत. जे लोक परवानगीची वाट न बघता जीप भरून निघाले ते आधी पोहोचले. समन्वय म्हणता म्हणता माणसं पावसात भिजली राजेहो.

झिरोमाइल

जीप भरून गेलेले कुठे पोहोचले, हेही बघा. गाडी जाते तिथे. सडकेवरच्या गावाला तीन-तीन वेळा चिवडा मिळतो आणि दोन तास चढावरच्या वस्तीला काहीच नाही. समन्वय म्हणजे बैठक नव्हे. एक तक्ता लागतो: कोण, काय, कुठे, कधी. रोज संध्याकाळी भरायचा, ज्या वॉर्डासमोर रकाना रिकामा तिथे सकाळची पहिली गाडी. त्यासाठी गावांच्या नावाऐवजी सरकारी संकेतांक वापरावा लागतो, कारण एका नावाची चार गावं निघतात.

सगळी सरकारी तयारी वायाच गेली असंही नाही. काठमांडू विमानतळालगत मदत साठवायचं केंद्र भूकंपाच्या जेमतेम महिनाभर आधी, मार्च २०१५ मध्ये सुरू झालं होतं. ते नसतं तर माल धावपट्टीच्या कडेलाच साचला असता. आणि सचिवांचा मुद्दा आता जुना झाला. २०१७ च्या निवडणुकांपासून तिथे ७५३ स्थानिक सरकारं आहेत, वॉर्ड अध्यक्षाला फोन लागतो. भूकंप उत्तराखंडात झाला तर प्रश्न आणखी सोपा: कस्टम नाही, जिल्हाधिकारी हाच जिल्हा आपत्ती प्राधिकरणाचा अध्यक्ष, आणि माल उतरवायला ऋषिकेश किंवा काठगोदामची रेल्वे स्टेशनं आहेत.

वाटबघ्या

फोन लागतो, टॉवर उभा असला तर! बॅटरी संपल्यावर तुमचा तक्ता कोण भरणार? सॅटेलाइट फोन परदेशात न्यायला परवाना लागतो. तेवढ्या वेळात जीपवाला परतही येईल.

पाणीपट्टी

पाण्याच्या बाटल्यांबद्दल एवढंच. हजार माणसांना रोज ३ लिटर म्हणजे ३ टन वजन, दररोज. त्याऐवजी ६७ मिलिग्रॅमची क्लोरीन गोळी २० लिटर स्वच्छ पाण्याला पुरते. पिण्या-स्वयंपाकाला माणशी साडेसात लिटर धरले तर गावाला दिवसाला ३७५ गोळ्या, दप्तरात मावतील. धक्क्यानंतर झरे गढूळ होतात, काही आटतात, काही भलतीकडे फुटतात. गढूळ पाणी आधी दुहेरी कापडातून गाळायचं, गोळी दुप्पट, अर्धा तास थांबायचं. गाळ राहिला तर क्लोरीन त्यातच खर्ची पडतं. गोळीसोबत झाकणाचा २० लिटरचा कॅन द्या, नाहीतर लोक लोटाभर पाण्यात अख्खी गोळी टाकतात, चव बिघडते आणि दुसऱ्या दिवशी कोणी वापरत नाही.

दूध पावडरचे डबे मात्र कृपा करून नको. बाटली उकळायला सरपण नसतं, बाळांना जुलाब लागतात. औषधं द्यायची तर तिथे पोहोचताना किमान वर्षभराची मुदत शिल्लक हवी. घरोघरच्या अर्ध्या पट्ट्या कचऱ्यातच जातात.

धरमपेठी

मग तरुण पोरांनी काय करायचं? आपल्याकडे एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) अकादमी आहे, फायर कॉलेज आहे. चार दिवस शिकून जाता येणार नाही का?

घाटरस्ता

नाही. ढिगाऱ्यातून जिवंत निघालेले बहुतेक लोक पहिल्या काही तासांत शेजाऱ्यांनीच काढलेले असतात. नेपाळात परदेशी पथकं कुत्री आणि यंत्रं घेऊन आली, तरी त्यांनी जिवंत काढलेल्यांचा आकडा वीसच्या आत राहिला. इथून निघालेला पोरगा पाचव्या दिवशी पोहोचणार, तिथलंच अन्न खाणार, तिथल्याच ताडपत्रीखाली झोपणार. वर १२ मे २०१५ सारखा ७.३ चा दुसरा धक्का आला तर त्यालाच शोधावं लागणार. त्यापेक्षा गाठी बांधायला द्या त्याला.

लोहाओळी

मी म्हणतो तेच झालं की. माल लागतोच, फक्त नीट बांधलेला. मग यादीची वाट न बघता ५०० कुटुंबांचे संच आधीच तयार ठेवू. ट्रक यादी आल्यावर निघेल, पण बाजार हिंडण्यात जाणारे दिवस वाचतील. आणि पहिल्या आठवड्यातच सगळं लागतं असं नाही. सप्टेंबर २०१५ पासून सीमेवरची वाहतूक अडली आणि थंडीच्या तोंडावर नेपाळात इंधन नव्हतं. ब्लँकेट तेव्हा हवं होतं, मे महिन्यात नव्हे.

झिरोमाइल

साठ्याला माझा विरोध नाही. पण गोदामाचं भाडं लोक देत नाहीत. वर्गणी मिळते ती टीव्हीवर ढिगारे दिसतात त्या दहा दिवसांत. तीन वर्षं काही घडलं नाही तर?

घाटरस्ता

तीन वर्षं तसाच ठेवूच नका. ताडपत्री उन्हाने जाते आणि उंदराने जाते. जमिनीपासून सहा इंच उंच लाकडी फळ्यांवर, भिंतीला न टेकवता रचायची आणि दर पावसाळ्याआधी चवड उलटायची. जुना तिसरा हिस्सा दरवर्षी इथेच वापरात काढा. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडून वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा ताडपत्र्या, फावडी, क्लोरीनच्या गोळ्या नागपुरातच लागल्या असत्या. त्या हिशेबाने भाड्याचा अर्धा भाग महापालिकेकडे मागता येईल.

लोहाओळी

अर्धा मिळाला तर उरलेला व्यापारी संघटनेकडे मी मांडतो. २० बाय ३० फुटांचा गाळा पुरेल का ते सांगा.

घाटरस्ता

५०० संचांना पुरेल. दार मात्र ४०७ मागे लावता येईल एवढं रुंद बघा.