चर्च बंद होती, मग २०२० मध्ये मिशनरी कुटुंबं नेमकं काय करत होती?

जुळेसोलापूरकर

नमस्कार मंडळी. कॉलेजच्या प्रकल्पासाठी लॉकडाऊनमधल्या सोलापूरवर लिहितोय. यंत्रमाग, बिडी, सिव्हिल, वारी यांवर बरंच मिळालं. अडलोय एका ठिकाणी. माझ्या वर्गातला एक मुलगा पास्टरचा. त्याला कुणीतरी म्हणालं, "तुमची तर वर्षभर सुट्टीच होती की बे, चर्चला कुलूप!" तो काही बोलला नाही, नुसता हसला. मला ते हसणं लागलं. इथे कुणी पाळक किंवा सुवार्तिकाच्या घरचं असेल तर सांगाल का, त्या वर्षी तुमचा दिवस कसा जायचा? मोठं तत्त्वज्ञान नको. सकाळी उठून काय करायचात, तेवढं सांगा.

इतिहासवेडा

थोडी पार्श्वभूमी देतो. अमेरिकन मराठी मिशन मुंबईत १८१३ ला आलं, तिथून नगर आणि मग सोलापूर. शाळा, बालवाडी, दवाखाने ही त्यांची जुनी कामं. १८९६ नंतरचा प्लेग आणि १९१८ चा इन्फ्लुएन्झा या दोन्ही साथी इथल्या मिशनच्या माणसांनी पाहिल्या. १९१८ ला तर पाऊसही दगा देऊन गेला होता, म्हणजे ताप आणि दुष्काळ एकदमच. पण हे झालं बंगल्यातल्या गोऱ्या साहेबांचं. आजचा मिशनरी म्हणजे बहुतेक वेळा आपलाच माणूस, भाड्याच्या घरात राहणारा. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्यापैकीच कुणी द्यावं.

कडकभाकरी

देते. भाड्याच्या घरातली मीच.

आम्ही चौघं. हे, मी, मुलगी तेव्हा दहावीत, मुलगा सहावीत. सोलापुरात पूर्व भागात राहतो. आमची मंडळी, म्हणजे आमच्या चर्चची माणसं, लहान, साठेक कुटुंबं. निम्मी तेलुगू बोलणारी, मागावर नाहीतर बिडीवर पोट असणारी. आम्ही सीएनआयचे, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, नाही, त्यामुळे बिशप नाही आणि पगारपत्रकही नाही. रविवारच्या अर्पणाच्या थैलीत जे पडेल त्यातून भाडं, आणि एका मोठ्या भारतीय संस्थेकडून महिन्याला थोडी मदत यायची.

२२ मार्चला जनता कर्फ्यू. तो रविवार होता, म्हणजे पहिला उपासनेविना रविवार तोच. संध्याकाळी पाचला लोक थाळ्या वाजवत होते आणि हे रिकाम्या थैलीची घडी घालत होते. मुलीचा भूगोलाचा पेपर दुसऱ्या दिवशी, तोही पुढे ढकललेला. ती नकाशाची वही छातीशी धरून बसलेली. आता आठवलं की हसू येतं, तेव्हा नाही आलं.

पहिले आठ दिवस फोनवर गेले. ह्यांनी मंडळीची वही काढली आणि रोज वीस घरं वाटून घेतली. दहा ह्यांना, दहा मला. आधी मी "प्रार्थना करू का?" असं विचारायचे. तिसऱ्या दिवसापासून "तिन्नारा?" एवढंच विचारायला लागले, म्हणजे जेवलात का. उत्तर "हो" असलं तरी ते कसं म्हटलंय त्यावरून कळायचं. बिडीचं असं असतं, की कारखान्यातून पान-तंबाखू आणायची, घरी वळायची, मोजून नेऊन द्यायची, मजुरी हजार बिड्यांमागे. कारखाना बंद म्हणजे पान नाही आणि पान नाही म्हणजे चूल नाही. ठेव-बिव काही नसते या बायकांकडे.

मग कागदांचं काम सुरू झालं, आणि खरं सांगू, त्या वर्षी आमची निम्मी सेवा कागदांचीच झाली. माणशी पाच किलो मोफत तांदूळ कुणाला लागू, केशरी कार्डावर ८ रुपयांनी गहू आणि १२ रुपयांनी तांदूळ कधी मिळणार, जनधनचे ५०० रुपये आले की नाही. बँकेपुढे उन्हात चौकोन आखलेले, बायका त्यात चपला ठेवून सावलीला बसायच्या. एकीचं पासबुक वर्षभर भरलेलंच नव्हतं. ५०० रुपयांसाठी ती तीन दिवस आली. चौथ्या दिवशी हे बरोबर गेले तेव्हा कळलं, की पैसे तिच्या दुसऱ्याच, कधीतरी उघडलेल्या खात्यात पडून होते.

५ एप्रिल झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. झावळ्या नाहीत, मिरवणूक नाही. त्याच रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे लावायचे होते. मुलाने विचारलं, "आपण लावायचा का?" हे म्हणाले, लाव की, दिवा कुणाच्या मालकीचा थोडाच आहे.

गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन, येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, ती आमच्याकडची मोठी उपासना. ती व्हॉट्सॲपवर करायचं ठरलं. खोलीत आवाज घुमायचा म्हणून आम्ही धान्याच्या कोठीत चारी भिंतींना चादरी टांगल्या. सोलापुरात दुसरं काही नसलं तरी चादरी असतात. पत्र्याखाली, एप्रिलमध्ये, चादरींच्या आत बसून हे "मला तहान लागली आहे" या उद्गारावर बोलले आणि बाहेर आले ते घामाने निथळत. रेकॉर्डिंग मात्र स्वच्छ आलं. एरवी शेजारच्या मागांच्या खटखटीत आमच्याकडे कुणाचा फोनसुद्धा धड ऐकू येत नाही.

दोन दिवसांनी ईस्टर, १२ एप्रिल. त्याच दिवशी शहरातल्या पहिल्या रुग्णाची बातमी आली, तेलंगी पाच्छा पेठेतली. आमच्या ग्रुपवर "प्रभू उठला आहे" आणि ती बातमी एकाखाली एक.

भाकरीचं सांगते, कारण माझं टोपणनाव त्यावरूनच आहे. हैदराबाद रोडला, मुळेगावच्या पुढे, माणसं चालत निघालेली. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं. डाळ-तांदूळ देऊन त्यांना काय उपयोग, शिजवणार कुठे? समोरच्या लिंगायत काकू म्हणाल्या, "कडक भाकरी दे. आठ दिवस हलत नाही." मी नगरकडची, मला पातळ थापता येईना. काकूंनी गॅलरीतून गॅलरीत शिकवलं. पीठ चांगलं मळून घे, थापताना कडेला जाड ठेवू नकोस, तव्यावरून काढली की मंद आचेवर उभी करून ठेव, पापडासारखी मोडली पाहिजे. दिवसाला साठ व्हायच्या. सोबत कागदाच्या पुडीत शेंगाचटणी. मुलीने पुड्यांसाठी भूगोलाच्या जुन्या प्रश्नपत्रिका फाडल्या, तेवढा तिने सूड घेतला.

नेण्यासाठी टेम्पो जवळच्या गणेश मंडळाचा. पहिल्या दिवशी आम्ही काचेवर मंडळीचा कागद चिकटवला तर नाक्यावर पाऊण तास चौकशी. दुसऱ्या दिवशी कागद काढला, बाप्पाचं स्टिकर होतंच. हवालदारसाहेबांनी हात केला, जा म्हणाले.

मे महिन्यात आमच्यातल्या एक आजी गेल्या. कोरोना नव्हता, वय होतं. पण एका दवाखान्याने आत घेतलं नाही, दुसऱ्याने रिपोर्ट आणा म्हटलं, त्यात रात्र गेली. खड्डा खणणारा माणूस गावी अडकलेला. हे आणि तरुण संघातली दोन पोरं पहार, फावडं घेऊन गेली. सोलापूरचा मुरूम तुम्हाला माहीत आहे, हातभर खाली गेलं की पहारीतून ठिणगी निघते. पहाटे पाचला सुरू केलं ते अकराला झालं. आजींचा मुलगा पुण्यात, पास मिळाला नाही. व्हिडिओ कॉलवर होता. म्हणाला, "पास्टर, जरा फोन फिरवा, कोण कोण आलंय बघू द्या." आली होती पाच माणसं. ह्यांनी फोन सावकाश फिरवला, एकेका चेहऱ्यावर थांबत. मग पुन्हा एकदा, उलट्या बाजूने. तो म्हणाला, "बरीच आलीत."

हे मला ह्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही. ऑगस्टमध्ये कधीतरी, भांडी पुसताना सांगितलं.

बाकी जुलैचा दहा दिवसांचा कडक लॉकडाऊन, मुलाची मोबाइलवरची शाळा, मला आलेला ताप, हे सगळ्यांसारखंच. त्यात वेगळं काही नाही.

१६ नोव्हेंबरला, पाडव्याला, प्रार्थनास्थळं उघडली. २२ तारखेच्या रविवारी बाकांवर एकाआड एक फुल्या मारून उपासना झाली. आजींच्या जागेवर नेमकी फुली आली. आम्ही तशी मारली नव्हती.

सातरस्ता

लिहिलंय छान. पण ताई, स्पष्ट विचारतो, राग नसावा. धान्याच्या पिशवीबरोबर पत्रकंही गेली असतीलच ना? मिशनरी म्हटलं की लोकांच्या मनात हेच येतं.

कडकभाकरी

राग नाही, भाऊ. हा प्रश्न आम्हाला दूधवाल्यापासून सगळे विचारतात.

पत्रकं नव्हती. प्रार्थना करायचो, विचारून. एका दारात बाई "नको" म्हणाल्या, पिशवी घेतली, दार लावलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा पिशवी दिली, पुन्हा विचारलं नाही. संपलं.

मला जे खुपतं ते वेगळंच आहे. मदत पाठवणाऱ्यांना फोटो हवा असायचा. पिशवी देतानाचा, चेहरा दिसेल असा. एका बिडीवाल्या ताईंनी मी मोबाइल वर करताच पदर तोंडावर ओढला आणि पिशवी घ्यायला तसाच आंधळा हात पुढे केला. तो फोटो मी पाठवला. माझ्याच हाताने. रात्री ह्यांनी बघितला आणि म्हणाले, उद्यापासून फक्त पिशव्यांचा फोटो. त्यावर तिकडून दोनदा विचारणा आली. आमचं नाव पुढच्या यादीत नव्हतं. ते फोटोमुळे, की नवीन नियमामुळे, नक्की सांगता येत नाही.

ऑडिटवाला

नियमामुळे असू शकतं. परदेशी देणगीच्या कायद्यात, म्हणजे एफसीआरएमध्ये, २९ सप्टेंबर २०२० पासून बदल लागू झाला. मोठ्या संस्थेने परदेशातून घेतलेला पैसा खाली छोट्या संस्थेला वाटायला पूर्ण बंदी आली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर. शिवाय पैसा घ्यायचा तर दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्याच खात्यात. तुमच्या वरची संस्था भारतीय असली तरी तिचा पैसा बाहेरून येत असेल तर तुमचा हप्ता तिथेच थांबला असणार. अशी बरीच छोटी कामं त्या हिवाळ्यात बंद पडली, फक्त ख्रिस्ती नव्हेत.

कडकभाकरी

असेल. ऑक्टोबरपासूनच बंद झालं. पत्र इंग्रजीत होतं, "नियमांमुळे" एवढंच कळलं. ह्यांनी मग दोन वर्षं सकाळी एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिले.

वार्षिक अहवालाचा छापील फॉर्म मात्र डिसेंबरात आला. रकाने ठरलेले. उपासना किती, बाप्तिस्मे किती, नवीन घरं किती, शिबिरं किती. हे शून्य, शून्य लिहीत गेले. खाली "इतर" म्हणून बोटभर जागा होती. तिथे आधी पेन्सिलने "फोन" लिहिलं, मग खोडलं. शेवटी "भाकरी" लिहून पाठवलं.

जुळेसोलापूरकर

ताई, मनापासून धन्यवाद. हे प्रकल्पात नाव न घालता वापरू का? आणि भूगोलाचं पुढे काय झालं?

कडकभाकरी

वापरा. आजींच्या मुलाचं वाक्य तेवढं वापरू नका, ते त्याचं आहे. मी इथे लिहायला नको होतं खरं तर.

भूगोलाचा पेपर रद्दच झाला. बाकीच्या विषयांच्या सरासरीने गुण दिले. २९ जुलैला निकाल लागला, फर्स्ट क्लास आला. आता नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पण कुणी दहावीचा विषय काढला की अजून म्हणते, सरासरी कसली, माझे पैकीच्या पैकी होते.