कार्टिंगमधून एलजीबी फॉर्म्युला ४ मध्ये : पहिल्या सीझनआधी काय काय जमवावं?

रंकाळा_लॅप
भाच्याचं कोल्हापुरात कार्टिंग चालू आहे. वय १७, वजन ५४ किलो. पुढच्या राष्ट्रीय सीझनला एलजीबी फॉर्म्युला ४ (एकाच सीटच्या, उघड्या चाकांच्या गाड्यांची भारतातली स्पर्धा) करायचा विचार आहे, गाडी टीमकडून भाड्यानं. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. कार्टिंगचाच सूट-हेल्मेट चालेल का? गाडी चालवताना कार्टिंगमधलं काय विसरावं लागेल? आणि सेटअप टीमच करणार असेल तर त्यातलं आपल्याला किती कळलं पाहिजे? कुणी म्हणतं थेट एफआयएच्या (जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या) एफ४ मध्येच घाला, ती वेगळी स्पर्धा. त्यावरही सांगा.

तेरा_चौदाचा_पाना
सूट-हेल्मेट दोन्ही नवं घ्या. कार्टिंगचा सूट घसटण्यापासून वाचवतो, आगीपासून नाही. इथे एफआयए ८८५६ मानांकनाचा सूट लागतो, आतले कपडे, मोजे, बालाक्लावाही (हेल्मेटखालची टोपी) आगरोधक हवेत. नायलॉनचा बनियन आत घातला तर तो वितळून कातडीला चिकटतो. हेल्मेटचं तसंच. स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेचं 'के' मानांकन कार्टसाठी आहे, त्यात आगीची चाचणी नसते. 'एसए' किंवा एफआयए ८८५९ घ्या, आणि त्याला हान्सचे (धडकेत मान सांभाळणाऱ्या पट्ट्याचे) अँकर बसवलेले आहेत ना ते बघा. नंतर घरी भोकं पाडून अँकर लावलेलं हेल्मेट स्क्रूटिनीत (रेसआधीच्या तपासणीत) परत येतं, आणि यायलाच हवं.

आता सीट. पहिल्या सीझनला लोक सगळ्यात जास्त इथे फसतात. दुसऱ्याच्या मापाच्या सीटमध्ये पोरगं प्रत्येक वळणात स्टिअरिंगला लटकून बसतं, मग 'गाडी जड लागते' अशी तक्रार. दोन भागांचा पीयू फोम मिळतो, त्याची सीट ओतून घ्या. आधी पेडलचं अंतर ठरवा: ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. ड्रायव्हर सूट, बूट, हेल्मेट, हान्स असा पूर्ण वेषात बसवा. जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या एकात एक अशा दोन घ्या, फोम दोन-तीन वेळा थोडा थोडा ओता. आधी कंबर, मग बरगड्या, शेवटी खांदे. एकदम सगळा ओतला की माणूस दोन इंच वर उचलला जातो, शिवाय फोम फुगताना चांगलाच तापतो. माकडहाडाखाली जवळजवळ काही ठेवायचं नाही, नाहीतर डोकं रोल हूपच्या (डोक्यामागच्या संरक्षक कमानीच्या) वर जायला लागतं. शेवटी आगरोधक कापडाचं आवरण, कारण उघडा फोम पेटतो.

५४ किलो म्हणजे बॅलास्ट (गाडीत बसवायचं जादा वजन) लागणारच. किमान वजन गाडी अधिक ड्रायव्हर असं धरतात आणि रेस संपल्यावरही काट्यावर चढवतात. तोवर पेट्रोल जळलेलं असतं (लिटरला साधारण पाऊण किलो) आणि चेन्नईच्या उन्हात ड्रायव्हरचा एक-दीड किलो घाम गेलेला असतो. ३-४ किलो जास्तीचे ठेवाच. पाचशे ग्रॅमसाठी निकाल घालवण्यासारखं दुःख नाही. शेवटच्या लॅपनंतर ड्रायव्हर मुद्दाम कडेच्या रबराच्या गोळ्यांवरून गाडी नेतात ते उगीच नाही, त्या टायरला चिकटून वजन वाढतं.

हील_अँड_टो
ड्रायव्हिंगचं मी सांगतो.

कार्टला डिफरन्शियल नसतं, मागचा अ‍ॅक्सल एकसंध. म्हणून वळताना आतलं मागचं चाक उचलावं लागतं आणि त्यासाठी स्टिअरिंग झटक्यानं मारायची सवय लागते. फॉर्म्युला गाडीत हाच झटका दिला की पुढचे टायर घसरतात, पोरगं आणखी वळवतं, टायर आणखी तापतात. इथे हात हळू हवेत. दुसरं, साध्या कार्टला ब्रेक फक्त मागे. इथे चारही चाकांना, जोर पुढे जास्त. पहिला दाब जोरात, मग वळणात शिरताना पाय हळूहळू सोडत जायचं. उलटं केलं, म्हणजे शेवटी शेवटी जोर वाढवला, की आतलं पुढचं चाक लॉक होऊन टायरला सपाट चट्टा पडतो. तो चट्टा मग उरलेली सगळी रेस थरथरत राहतो.

गिअर हा तिसरा आणि महागडा विषय. मारुतीचं १,२९८ सीसी इंजिन, गिअर हातानं टाकायचे. घाईत चौथ्यातून तिसऱ्याऐवजी दुसरा पडला तर इंजिनाचे फेरे जवळपास दुप्पट होतात. रेव्ह लिमिटर पेट्रोल किंवा स्पार्क तोडतो, पण चाकांनीच ओढून फिरवलेल्या इंजिनाला तो थांबवू शकत नाही. व्हॉल्व्ह वाकतात, आणि भाड्याच्या गाडीचं बिल तुमच्या नावावर. म्हणून आधी ब्रेक, वेग खाली आला की मगच गिअर, एकेक पायरी, ब्रेकवर पाय असतानाच टाचेनं रेस देऊन फेरे जुळवत. घरच्या मॅन्युअल गाडीवर रिकाम्या मैदानात महिनाभर हेच करू द्या. सिम्युलेटरवर एच-पॅटर्न शिफ्टर (घरच्या गाडीसारखा गिअरचा दांडा) असेल तर उत्तम, स्टिअरिंगमागचं पॅडल असेल तर या कामाला निरुपयोगी.

सूत_ओळंबा
सेटअप टीम करते हे खरं, पण पाना कुणाच्या हातात आहे एवढंच त्यानं ठरतं. आकडे तुमच्या वहीत हवेत.

टो (चाकं वरून पाहता आत की बाहेर किती वळलेली आहेत) मोजायला दोरीची पद्धत पुरते. गाडीच्या दोन्ही बाजूंना मध्यरेषेला समांतर दोऱ्या ताणा. पुढचा आणि मागचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) वेगळा असतो, तेव्हा दोरी टायरला टेकवून चालत नाही. डाव्या-उजव्या हबपासूनचं अंतर पुढे एकमेकांशी, मागे एकमेकांशी जुळवायचं. मग रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंत मोजा. तेरा इंची रिमवर १ मिमी फरक म्हणजे सुमारे ०.१७ अंश. स्टिअरिंग मध्यावर बांधा आणि सीटमध्ये ड्रायव्हरएवढं वजन ठेवा. रिकाम्या गाडीवर केलेलं अलाइनमेंट ड्रायव्हर बसल्याबरोबर बदलतं.

पिटची (ट्रॅकशेजारी गाडीचं काम करायच्या जागेची) जमीन सपाट नसते. लेझर नसेल तर गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी आणा, चार चाकांखालची पातळी तिनं मिलिमीटरपर्यंत जुळते. त्यानंतरच कॉर्नर वेट, म्हणजे प्रत्येक चाकावरचा भार. एका कोपऱ्याची स्प्रिंग वर घेतली की त्या कोपऱ्यावर आणि तिरक्या समोरच्या कोपऱ्यावर भार वाढतो, उरलेल्या दोनांवर कमी होतो. तिरक्या जोडीची बेरीज ५० टक्क्यांजवळ ठेवा, नाहीतर डावीकडे छान वळणारी गाडी उजवीकडे वळताना पुढून बाहेर घसरते.

रंकाळा_लॅप
भरपूर मिळालं. टायरमध्ये हवा किती ठेवायची?

सूत_ओळंबा
थंड आकडा विचारू नका, गरम ठरवा. समजा ३० अंशाला १८ पीएसआय भरली आणि टायरमधली हवा ७५ अंशाला गेली. वातावरणाचा दाब धरून १८ म्हणजे ३२.७, तो केल्विनच्या प्रमाणात वाढून ३७.६ होतो. म्हणजे गेजवर जवळजवळ २३. ही कोरड्या हवेची गोष्ट. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठलेलं असेल तर वाफेनं वाढ आणखी होते, म्हणून टाकी रोज सकाळी खालून रिकामी करा. गाडी पिटमध्ये शिरल्या शिरल्या मोजा, तीन मिनिटांनी घेतलेला आकडा कामाचा नाही. आणि सगळीकडे एकच गेज. दोन गेजमध्ये एक पीएसआयचा फरक सहज असतो.

हील_अँड_टो
हवेवर सहमत, पण पहिल्या सीझनला टो-कँबरच्या (कँबर म्हणजे चाकाचा उभा कल) मागे लागू नका. टीमची मूळ सेटिंग तशीच ठेवा आणि लॅप स्थिर होऊ द्या. सलग दहा लॅप तीन दशांश सेकंदाच्या आत येत नसतील तर बदल लागू पडला की नाही तेच कळणार नाही.

ट्रॅकचंही बघा. कोईंबतूरजवळचा करी मोटर स्पीडवे २.१ किमीचा, चेन्नईबाहेरचा इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किमीचा. करीवर लॅप छोटा, म्हणून पात्रता फेरीत मोकळी जागा शोधावी लागते: आउट लॅपला (पिटमधून निघाल्यावरच्या पहिल्या फेरीला) पुढच्याला जाऊ द्या, पण टायर गार होतील इतकं मागे राहू नका. रेसमध्ये सगळे एकमेकांच्या ओढीत, म्हणजे पुढच्या गाडीमागे वारा कमी लागतो त्या जागेत. सतत शेपटीला चिकटून राहिलं की रेडिएटरला वारा मिळत नाही. सरळ रस्त्यावर मधूनमधून अर्धी गाडी बाहेर काढून पाण्याचं तापमान खाली आणायचं.

तेरा_चौदाचा_पाना
एफ४ बद्दल कुणी बोललं नाही. भारतातल्या एफआयए एफ४ ला मिगाल कंपनीची कार्बन टबची (कार्बन फायबरच्या सांगाड्याची) गाडी, हेलो (डोक्याभोवतीची संरक्षक कडी), टर्बो इंजिन, पॅडल शिफ्ट. वय १५ पासून चालतं. स्पर्धकही बाहेरून येतात. २०२३ चा विजेता कूपर वेबस्टर ऑस्ट्रेलियाचा, २०२४ चा अकील अलीभाई दक्षिण आफ्रिकेचा. परदेशात जायचं ठरलंच असेल तर ती वाट. कोल्हापूरचे कृष्णराज महाडिक ब्रिटनच्या फॉर्म्युला ३ पर्यंत गेले, म्हणजे गाव आडवं येत नाही. पण खर्चाचा घास वेगळाच आहे. गाडी समजून घ्यायची असेल तर एलजीबीच. एस. करिवर्धन यांनी १९८८ मध्ये मारुती ८०० चं इंजिन टाकून फॉर्म्युला मारुती केली ती याचसाठी, की बाजारात मिळणाऱ्या भागांवर पोरांना सिंगल-सीटर चालवता यावी. करीचा ट्रॅक त्यांच्याच नावाचा.

टीमशी करार करताना लेखी घ्या: अपघाताचं नुकसान कुठपर्यंत कुणाचं, इंजिन बसलं तर कुणाचं, सरावाच्या दिवशी टायर नवे की वापरलेले, आणि लॉगरचा (गाडीतल्या नोंदयंत्राचा) डेटा तुम्हाला मिळणार की नाही. शेवटचं बहुतेक जण विचारतच नाहीत.

रंकाळा_लॅप
डेटाचं खरंच डोक्यात नव्हतं. सीटच्या फोमसाठी पिशवी किती मायक्रॉनची?

तेरा_चौदाचा_पाना
कचऱ्याची पातळ नको, फाटते. २०० च्या आसपासची, आणि तोंड बांधताना आतली हवा काढून घ्या.