चढावर गाडी दम टाकते, सायलेन्सर चोंदलाय का?

प्रश्न (सावंतवाडी): २०११ ची पेट्रोल गाडी. सपाटीला बरी, पण आंबोली घाटात दुसऱ्या गिअरलाही रडते. प्लग, एअर फिल्टर नवे घातलेत. बाबांना दर आठवड्याला बेळगावला दवाखान्यात न्यायचं असतं, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

मालवणहून: पावसाळाभर उभी होती का? आमच्या गाडीच्या सायलेन्सरच्या नळीत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं. टॉर्च मारून बघा.

रत्नागिरीहून: इंजिन थंड असताना कन्व्हर्टरच्या (सायलेन्सरच्या आधी धूर साफ करणारा डबा) आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे प्रेशर गेज लावून घ्या. आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) प्रेशर साधारण सव्वा पीएसआयच्या आत हवं. २५०० आरपीएमला तीनच्या वर गेलं, तर पुढे वाट अडलीय. पण नवा कन्व्हर्टर घालण्याआधी मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) आहे का तपासाच. कच्चं पेट्रोल आत जळून नवाही वितळतो.

सावंतवाडी: नळी मोकळी आहे. कन्व्हर्टरवर रबरी हातोडीने ठोकलं, तर आत खुळखुळ वाजतंय. उद्या गेज लावून घेतो.