'देअर' नेमका कोणता?

शिक्षिका, अमळनेर तालुका:
आमच्या आठवीच्या वर्गातील बरीच मुले घरी अहिराणी बोलतात, शाळेत मराठीतून शिकतात आणि इंग्रजी शब्दांचे उच्चार वहीत देवनागरीत लिहून ठेवतात. त्यामुळे 'त्यांचे' आणि 'तेथे' या दोन्ही अर्थांचे शब्द वहीत 'देअर' असेच दिसतात, आणि श्रुतलेखनात मुले अंदाजाने कोणते तरी स्पेलिंग लिहितात. देवनागरी टिपणे बंद करावीत काय?

निवृत्त शिक्षक, धुळे:
येथे देवनागरीचा दोष नाही, कारण मूळ इंग्रजीतही हे उच्चार सारखेच आहेत. म्हणून श्रुतलेखनात सुटा शब्द न सांगता पूर्ण वाक्य सांगावे. स्पेलिंगसाठी दोन्हींतील पहिला टी झाकून पाहावा. 'तेथे'मधून एच-ई-आर-ई, म्हणजे 'येथे' उरतो. 'त्यांचे'मधून एच-ई-आय-आर, म्हणजे 'वारस' उरतो, आणि वारस म्हटला की मालकी आलीच. तिसरा 'देअर' हा 'दे आर'चा संक्षेप असल्याने वाक्यात 'दे आर' घालून अर्थ लागतो का, एवढे पाहिले तरी पुरते.

ग्रंथपाल, जळगाव:
'स्टेशनरी'चाही घोळ नेहमीचाच. भुसावळला थांबलेली गाडी ए-आर-वायची आणि वह्या-कागद ई-आर-वायचे. गंमत अशी की दोन्हींचे लॅटिन मूळ एकच आहे: मध्ययुगात फिरत्या विक्रेत्यांप्रमाणे गावोगाव न हिंडता एका जागी दुकान मांडून बसणारा पुस्तकविक्रेता तो स्टेशनर, आणि पुढे त्याच्याकडचा माल ती स्टेशनरी. म्हणून व्युत्पत्तीपेक्षा 'पेपर'च्या शेवटचा ई-आर लक्षात ठेवणे मुलांना सोपे जाते.

भाषाप्रेमी, नंदुरबार:
धुळ्याच्या सरांचे म्हणणे 'देअर'पुरते मान्य आहे. परंतु काही जोड्या इंग्रजीत वेगळ्या असून आपल्या उच्चारात एक झाल्या आहेत, आणि तेथे देवनागरी टिपण खरोखर दिशाभूल करते. लेखणीही 'पेन' आणि वेदनाही 'पेन'; पश्चिम, बनियन आणि वाया घालवणे, तिन्ही 'वेस्ट'. पश्चिमेचा डब्ल्यू ओठ गोल करून, तर बनियनचा व्ही वरचे दात खालच्या ओठाला टेकवून म्हणावा लागतो. आपला 'व' दोघांनाही सामावून घेतो. लेखणीतील 'ए' आखूड आहे, वेदनेतील 'ए' मात्र शेवटी 'इ'कडे झुकतो. टिपणे बंद करण्याऐवजी मुलांना वेदनेसाठी 'पेइन' आणि वाया घालवण्यासाठी 'वेइस्ट' लिहू द्यावे.